मंदे, इंजेक्शन घेण्याआधी एवढं वाच

प्रिय मंदे,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. रागावली असशील, रास्तच आहे. माझी तब्येत ठीक. पण काल तिसरं आलं, 'एक्स-रेत टाचेचं हाड वाढलंय, इंजेक्शन घेऊन मोकळी होते', आणि लगेच लिहायला बसले.

अगं, थांब. ते वाढलेलं हाड कित्येकांच्या टाचेत असतं आणि त्यांना दुखतही नाही. पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं जीव घेतात, मग सैल होतं, बसून उठलं की पुन्हा तेच, असं लिहिलंयस. हे बहुतेक तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं. टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा हा पट्टा रात्रभर आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो.

म्हणून पाय जमिनीला लावायच्या आधीच, पलंगावर बसून, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घे आणि बोटं नडगीकडे ओढ. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचप. पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. लागला नाही तर ओढ कमी पडतेय. 10 सेकंद, 10 वेळा, दिवसातून तीनदा. पोटरीही ताणायची: भिंतीला हात, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच टेकलेली, 30 सेकंद.

मग ताकद. पायरीच्या कडेवर उभी राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी. 3 मोजत टाच वर, 2 थांब, 3 मोजत खाली. 12 वेळा, 3 फेऱ्या, एक दिवसाआड. एका पायावर झेपेना तर दोन्हींवर. दुसऱ्या सकाळी कळ वाढली तर फेऱ्या कमी कर, सोडू नकोस. तू चार दिवस अतोनात करतेस आणि बंद करतेस. पोहण्याच्या वर्गाचं तेच झालं, मी बोलले तर महिनाभर अबोला धरलास. यात महिने जातात, मंदे. घरातही अनवाणी फिरू नकोस, टाचेला गादी असलेली चप्पल घाल.

इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण पट्टा तुटायचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजायची भीती असते. व्यायाम नेटाने करूनही राहिलंच, तर तेव्हा बघू.

एक मात्र आजच कर. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाब. जोराची कळ आली, किंवा झोपेतही ठणकत असेल, मुंग्या येत असतील, तर व्यायाम नको, आधी डॉक्टर; हाडाला बारीक चीर असू शकते किंवा नस दबलेली असू शकते.

नव्या घराचं काय झालं? निशाचा निकाल? सगळं सावकाश कळव. टाच दाबल्यावर काय झालं ते मात्र आधी.

तुझी,
शमा