अवतरणचिन्हे टंकलेखक खात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नामवंतांवरच्या वाङ्मयचौर्याच्या आरोपांविषयी आपल्याकडे सध्या पत्रे छापून येत आहेत. परवा एका सद्गृहस्थांनी लिहिले, की एवढा मोठा माणूस कशाला चोरी करील, टंकलेखनात अवतरणचिन्हे गळली असतील. वाचता वाचता माझा चहा गार झाला. मी १९८३ ते २०१९ पुण्यात लोकांचे प्रबंध टाइप करून दिले. आधी गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर, मग संगणकावर. अवतरणचिन्ह गळते, नाही असे नाही. पण उघडणारे गळले तर बंद होणारे मागे राहते आणि चुगली करते. दोन्ही चिन्हे, पानाखालची तळटीप आणि मागच्या संदर्भसूचीतली नोंद असे सगळे एकदम माझ्या बोटांतून कधी गळलेले नाही.

माझ्या हातून चुका झाल्या. एक तर अजून पाठ आहे. १९९६ साली एका तालुक्याच्या इंग्रजी अमदानीतल्या महसुलावरचा प्रबंध माझ्याकडे आला होता. रात्री उशिरा, डोळे ताणून, मी ‘शेतसाऱ्याची वसुली’ऐवजी ‘शेतसासऱ्याची वसुली’ असे टाइप केले. मूळ प्रत आणि खाली चार कार्बन, म्हणजे चूक पाचही प्रतींत उमटली. संशोधकाला दिसली नाही, मार्गदर्शकांना नाही, परीक्षकांनाही नाही. बांधणी होऊन सोनेरी अक्षरांत प्रबंध ग्रंथालयात गेला. मला कळली ती नंतर, घरी उरलेली शेवटची पुसट प्रत चाळताना.

११ वर्षांनी दुसरे एक गृहस्थ आले, शेजारच्या तालुक्याच्या महसुलावरचा प्रबंध घेऊन. निळ्या शाईत, वळणदार अक्षर. तिसऱ्या प्रकरणात माझा शेतसासरा पाय पसरून बसलेला! त्याच परिच्छेदात, त्याच ओळीत. तालुक्याचे नाव तेवढे बदललेले. म्हणजे ग्रंथालयात बसून त्यांनी पाने उतरवली, आणि उतरवताना वाचलीसुद्धा नव्हती. मी बोट ठेवून म्हटले, “सर, ही चूक माझी आहे.” त्यांना अर्थ कळला नाही. म्हणाले, “टायपिंग मिस्टेक दिसतेय ताई, तेवढी दुरुस्त करा.” मी केली. पानाचे १२ रुपये घेतले आणि गप्प बसले. ते आज चांगल्या हुद्द्यावर आहेत. सत्काराचा फोटो पेपरात आला की माझे लक्ष आधी त्यांच्या गळ्यातल्या हाराकडे जाते.

वरच्या पातळीवरही असेच चालते, फक्त टंकलेखकाच्या जागी कधी विद्यार्थी येतो, कधी उपसमिती. डिसेंबर २००६ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने पेटंट कायद्यावर सरकारला अहवाल दिला. औषधांवर पेटंट कशाकशाला द्यायचे, म्हणजे पर्यायाने आपल्याला गोळ्यांची पट्टी कितीला पडणार, असा तो विषय. त्यातला कळीचा मजकूर कायद्याचे अभ्यासक शामनाद बशीर यांच्या निबंधातून जवळपास शब्दशः आल्याचे उघड झाले, आणि त्या निबंधाला औषध कंपन्यांच्या एका संघटनेचे पैसे होते. माशेलकरांनी दोन महिन्यांतच अहवाल मागे घेतला. ते त्यांनी योग्यच केले, त्यांच्याविषयीचा माझा आदर कमी झालेला नाही. पण मसुदा उपगटाने केला, हे सांगून काय साधते? सही अध्यक्षांची असते. २०१२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांच्या सहलेखनातल्या एका शोधनिबंधात काही वाक्ये दुसरीकडची निघाली. माफी छापली गेली, पण बोट रोखले गेले ते विद्यार्थ्याकडे. पुढच्याच वर्षी राव यांना भारतरत्न जाहीर झाले. विद्यार्थ्यांचे काय होते याच्या बातम्या येत नाहीत.

जर्मनीतले तेव्हाचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांचे प्रकरण मी २०११ मध्ये अगदी मालिकेसारखे वाचले. आरोप झाल्यावर त्यांनी आधी तो हास्यास्पद ठरवला. मग लोकांनी स्वयंसेवेने त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचे पानन् पान ताडून पाहिले, तर ३९३ पैकी ३७१ पानांवर उचललेला मजकूर! प्रस्तावनेची सुरुवातच एका वृत्तपत्रातल्या लेखातून. १ मार्चला मंत्रिपद गेले. तिथल्या शिक्षणमंत्री आनेटे शावान यांनी तेव्हा आपल्याला लाज वाटते असे जाहीरपणे म्हटले होते. दोन वर्षांनी १९८०च्या प्रबंधावरून त्यांचीच डॉक्टरेट रद्द झाली आणि त्यांनाही पद सोडावे लागले.

शावानबाईंबद्दल मात्र मला थोडी कणव आहे. टाइपरायटरवर तळटीप म्हणजे काय असते ते आजच्यांना कळायचे नाही. पान सुरू करतानाच ओळी मोजून खाली जागा सोडायची. अंदाज चुकला की पान पुन्हा, कार्बनसकट. कंटाळून मी स्वतः दोन-तीन जणांना सांगितले आहे, “एवढ्या टिपा कशाला, थोड्या कमी करा.” त्यांनी केल्या. कोणत्या केल्या, ते मी विचारले नाही. तेवढे पाप माझ्या खाती जमा.

मुंबईत वाढलेले पत्रकार फरीद झकारिया यांच्यावर ऑगस्ट २०१२ मध्ये आरोप झाला तेव्हा ते म्हणाले, चूक पूर्णपणे माझी. ज्यांच्या लेखातला मजकूर उचलला होता, त्या जिल लेपोर यांची माफीही मागितली. त्यांचे निलंबन झाले, ते आठवडाभरात मागे घेतले गेले. पुढे त्यांच्यावर आणखी आरोप झाले, ते वेगळे. पण त्या दिवशी त्यांनी हाताखालच्या कुणाला पुढे ढकलले नाही.

आता विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८चा नियम आहे. प्रबंधाचे दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. ४० पर्यंत गेले तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा, ६०च्या वर नोंदणीच रद्द. दुकान बंद करण्याआधीचे शेवटचे वर्षभर लोक माझ्याकडे टाइप करून घ्यायला नाही, “ताई, दहाच्या आत बसवून द्या” म्हणत यायचे. म्हणजे ‘राजा’च्या जागी ‘नृप’ घाला, वाक्य उलटे करा. एकाने तर जुन्या फॉन्टमध्येच ठेवा म्हणून सांगितले. युनिकोड नसले की साम्य तपासणाऱ्या यंत्राला मराठी मजकूर म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, हे त्याला ठाऊक होते. प्रबंधात नसलेला अभ्यास तिथे दिसला म्हणायचा.

तेव्हा यापुढे कुणी टंकलेखनातली चूक म्हणून सांगितले, तर आपल्या वार्ताहराने हस्तलिखित बघायला मागावे, एवढी विनंती. माझ्याकडे १९९६ची ती पुसट कार्बन प्रत अजून आहे, शेतसासऱ्यासकट.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका, पुणे
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)