जाळ्याच्या ह्या बाजूने

आचरा, ता. मालवण
जुलै, तारीख बघायला उठावं लागेल

प्रिय दिग्या,

तुझा फॉरवर्ड मिळाला. नोबिता म्हणे कोमात होता आणि डोरेमॉन हे सगळं त्याचं स्वप्न, आणि खाली तीन रडके इमोजी. अरे मेल्या, हे आपण शाळेत असल्यापासून फिरतंय आणि तेव्हापासून खोटं आहे. डोरेमॉन काढणारा फुजिको एफ. फुजिओ १९९६ साली वारला, पक्का शेवट लिहून ठेवलाच नाही त्याने, म्हणून ज्याला जसा सुचला तसा त्याने लिहिला, कोणी कोमा केला, कोणी बॅटरी संपवली. मी तुला व्हॉट्सअॅपवर दोन ओळीत हे सांगणार होतो पण आज दुपारपासून लाईट नाही, रेंज येते जाते, आणि ह्या विषयावर माझ्या डोक्यात बरंच साठलंय, कारण ताईचा पोरगा मे महिन्यापासून इथेच आहे आणि त्याच्यासोबत मी आपले सगळे जुने पिक्चर परत बघितलेत. दरिया बंद, होड्या वर ओढून झापांखाली, दुसरं करायचं काय.

आता तू म्हणशील मग सगळंच खोटं का. तसं नाही. खरोखर लपवून ठेवलेल्या गोष्टी असतात, फक्त त्या बहुतेक फुसक्या असतात. फाइंडिंग निमो पिक्चरमध्ये तो पाणबुड्या येऊन फोटो काढतो ना, त्याच्या कॅमेऱ्यावर ए११३ लिहिलंय. टॉय स्टोरीत अँडीच्या आईच्या गाडीच्या नंबर प्लेटवर पण तेच. ती कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्स नावाच्या कॉलेजातली वर्गखोली आहे, हे पिक्चर काढणाऱ्या पिक्सार कंपनीची बरीच मंडळी तिथे शिकली, म्हणून जवळपास प्रत्येक पिक्चरमध्ये कुठेतरी नंबर टाकतात. म्हणजे आपण बाकावर नाव कोरून ठेवायचो त्यातला प्रकार. सापडल्यावर दोन मिनिटं भारी वाटतं, मग पुढे काय? लायन किंगमध्ये धुळीत काहीतरी घाण अक्षरं दिसतात म्हणून आपण बाबल्याकडची व्हीसीडी पॉज करून करून खराब केली होती आठवतंय का, आणि त्याच पिक्चरमध्ये स्कार उंच खडकावर उभा आणि खालून तरस पाय ताठ उचलत कवायत करत जातात तो अख्खा सीन हिटलरच्या सभेवरच्या प्रचारफिल्मवरून घेतलाय, हे डोळ्यासमोर होतं, ते आपल्याला कोणालाच दिसलं नाही. धुळीत शोधत बसलो.

निमोचं एक मात्र तुला सांगायलाच हवं, हे कोणी लपवलेलं नाही, उलट पिक्चरवाल्यांनी गप्प गाळून टाकलंय. निमो ज्या जातीचा आहे त्या क्लाउनफिशच्या घोळक्यात सगळ्यात मोठी असते ती मादी, तिच्याखालचा नर, बाकीची सगळी पिल्लावळ. मादी मेली की तो नर स्वतःच मादी होतो आणि पोरांतला सगळ्यात मोठा असेल तो तिचा नवरा. खरंच, विज्ञान आहे. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत निमोची आई गेली तेव्हाच मार्लिन बाप राहायला नको होता, आणि पुढे निमोचं काय व्हायला हवं होतं ते तू एकटा असताना विचार कर. मी हे जेवताना सांगितलं तर ताईने पोरासमोर बोलू नको म्हणून डोळे वटारले. इथे खाली मालवणात स्कुबावाल्या पोरांना टुरिस्ट अजून विचारतात, दादा निमो दिसेल ना? पोरं म्हणतात दिसेल दिसेल.

पण निमो बघताना मी खरा अडकलो तो शेवटच्या जाळ्याच्या सीनला. मासेमारी बोटीचं जाळं येतं, डोरी आणि ढीगभर मासे त्यात सापडतात, सगळे सैरावैरा, मग निमो आत शिरतो आणि सगळ्यांना सांगतो खाली पोहा, सगळे मिळून खाली जोर लावतात, वरचा दांडा कडाड मोडतो आणि जाळं तळाला. भाचा उड्या मारत होता. मी पण लहानपणी मारल्या असणार. आणि मागे दारात काका उभे होते, बिडी विझवून, ते शांतपणे म्हणाले, "अशी खाली पवान जाळा फाटाची नाय रे. शेवटे मासे बघ, ते वरसून उडी मारून जातत. ह्या पिक्चर काढणाऱ्यान कधी रापण ओढल्यान नाय."

आणि मला एकदम वाटलं की हा पिक्चर आपल्यासाठी बनवलेलाच नाही रे. म्हणजे ज्याने लिहिला आणि ज्या पोरांसाठी लिहिला त्यांनी जाळं फक्त खालून बघायचं होतं. आपण जाळ्याच्या वरच्या बाजूला जन्मलो. पहाटे कोणीतरी आरोळी मारायचा, एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धगोल फिरवत रापण, ते लांबलचक जाळं, टाकत जायची, आणि मग दोन्ही दोरांना अख्खा वाडा लागायचा, बायका, म्हातारे, शाळेची पोरं, मुंबईहून आलेला चाकरमानी सुद्धा पँट दुमडून. ओल्या दोराने तळव्याची सालं जायची, खारं पाणी लागलं की आग आग. जाळं जवळ यायला लागलं की आधी पाण्याचा रंग बदलायचा, मग ते नुसतं उकळल्यासारखं, आणि शेवटे उडायचे, खरंच वरच्या दोरावरून टपाटप बाहेर, काका बोलले ते शंभर टक्के बरोबर. आणि ते उडाले की म्हातारे शिव्या घालायचे आणि आपण टाळ्या वाजवायचो! कोणाच्या बाजूने होतो आपण? संध्याकाळी टीव्हीवर माशांच्या बाजूने आणि रात्री ताटात तारलीचं तिखलं. दोन्ही एकाच पोराला चालायचं, काही अडायचं नाही.

तुला दूरदर्शनवरचं एक अनेक आठवतं का, ती दीदी आणि पोरं आणि चिमण्या. ते फिल्म्स डिव्हिजनने १९७४ मध्ये केलेलं, विजया मुळे यांनी, चित्रं भीमसेन यांची. आपल्या आयाबापांनी ते बघितलं, आपण पण बघितलं, मधे काही बदललं नाही. त्यात पण जाळंच आहे! शिकारी जाळं लावतो, पाखरं अडकतात, सगळी मिळून जाळ्यासकट उडतात आणि उंदीरमित्र जाळं कुरतडून देतात. पंचतंत्रातली जुनी गोष्ट. निमोतले मासे खाली जातात, ही पाखरं वर जातात, बाकी सीन तोच. आता कोणी म्हणतं निमोचा तो सीन म्हणजे कामगारांची युनियन, कोणी एक अनेकला सरकारी प्रचार म्हणतं, आणि ते सरकारी होतंच, त्यात लपवण्यासारखं काय आहे. मला वेगळंच खटकलं. रापण पण सगळ्यांनी मिळूनच ओढतात ना? एकट्यादुकट्याने ती हलत पण नाही. हात लावला त्याला वाटा, पोरांना पण पिशवीत मूठमूठ मासळी. म्हणजे दोराच्या ह्या टोकाला पण एकी आणि खोळीत पण एकी. एकीचं बळ म्हणून दीदी जे शिकवते ते दोघांनाही लागू, मग जिंकायचं कोणी, हे ती दीदी सांगत नाही. शिकाऱ्याच्या घरी संध्याकाळी काय शिजलं, हा प्रश्न त्या बागेत बसलेल्या एकाही पोराला पडत नाही, आणि मला पण पस्तिशीला पडला.

आणि आता तर तो सीन अजून उलटा झालाय. पर्ससीनवाल्यांवर, म्हणजे मोठ्या जाळ्याने मासळी घेरणाऱ्या यांत्रिक बोटींवर, २०१६ मध्ये सरकारने बंधनं घातली, तरी रात्री लांबवर दिवे दिसतातच, एलईडी लावून मासळी एकाजागी आणतात आणि अख्खा थवाच्या थवा उचलतात, पिल्लावळीसकट. मग रापणीला येणार काय, कचरा आणि जेलीफिश. मागच्या सीझनला वाड्यातले सगळे तहसीलला मोर्चा घेऊन गेले तेव्हा काका पण पुढे होते, घोषणा देत, आणि मला खरं सांगतो तो निमोच आठवला, सगळे मिळून खाली जोर लावा म्हणणारा. हे काकांना सांगितलं असतं तर त्यांनी दोर काढला असता. पण बघ ना, पिक्चर तोच, आपण जाळ्याच्या वरून आत कधी गेलो कळलंच नाही.

असो. दुसरं. भाच्याला आता जपानी पिक्चरचं वेड लागलंय, टोटोरो रोज लागतो. त्याच्यावर पण तुझ्यासारख्यांनी थिअरी काढलीय, की त्या दोघी बहिणी मेलेल्या आहेत, टोटोरो म्हणजे यमदूत, शेवटी त्यांना सावल्या नाहीत वगैरे, आणि १९६३ सालच्या जपानमधल्या कुठल्या खुनाशी जोडतात. पिक्चर काढणाऱ्या घिब्ली स्टुडिओने २००७ मध्ये स्पष्ट सांगून टाकलं की असं काही नाही, सावल्या गरज वाटली नाही म्हणून काढल्या नाहीत. पिक्चरमधली आजारी आई मात्र खरी आहे, दिग्दर्शक मियाझाकीची स्वतःची आई मणक्याच्या टीबीने कित्येक वर्षं अंथरुणाला होती. म्हणजे खरं दुःख समोर ठेवलेलं आहे, ते सोडून लोक खून उकरतायत.

आज्जीने मात्र एका मिनिटात निकाल लावला. ती जपमाळ घेऊन बसलेली, टीव्हीकडे लक्ष नाही असं दाखवत, आणि तो जाडा प्राणी झाडाच्या ढोलीत झोपलेला दिसल्यावर म्हणाली, "ह्यो तर राखणदार! ह्येका नारळ ठेवल्यानी काय नाय?" मी म्हटलं थांब, आणि खरंच पुढे बाप दोघी पोरींना घेऊन त्या मोठ्या झाडासमोर उभा राहतो, वाकून आभार मानतो, पोरीला सांभाळलंस म्हणून. आज्जी खूष. "मग बरा," म्हणाली आणि परत जप. आपल्या देवराईत संध्याकाळी जाताना आपण चप्पल हातात घ्यायचो, शिटी वाजवायची नाही, ज्याला हे माहीत आहे त्याला टोटोरोत लपलेलं शोधायची गरजच नाही. त्याला थिअरी काय सांगणार.

त्याच मियाझाकीचा स्पिरिटेड अवे तू बघितलास का? नसेल तर पुढचं वाचू नको, पण तू वाचणारच. त्यात देवांच्या न्हाणीघरात एक सडका चिखलाचा गोळा आंघोळीला येतो, सगळे नाक धरतात, तिथे कामाला असलेली पोरगी त्याच्यात रुतलेलं काहीतरी दोरी बांधून ओढते, आणि बाहेर येते सायकल, मागून सगळा भंगार, आणि आतून निघतो नदीचा देव. मियाझाकीने स्वतः एका नदीच्या सफाईत अशी सायकल ओढून काढली होती, ते थेट पिक्चरमध्ये टाकलंय. आणि तो हाकू, तो पण नदीचाच देव, त्याची नदी बुजवून वर बिल्डिंगी बांधल्यात म्हणून त्याला घरच राहिलेलं नाही. मांगरामागचा आपला व्हाळ, जिथे तू पडून गुडघा फोडलेलास, तिथे आता कोणा बाहेरच्याने जागा घेऊन भराव टाकलाय. पावसात पाणी वाट शोधत आमच्या खळ्यात येतं. त्या व्हाळाला कोणी देव होता का ते माहीत नाही पण असेल तर सध्या आमच्याच पडवीत बसलेला असणार.

आणि ती ट्रेन. पाण्यावरून जाते ती. तिकिट देताना तो सहा हातांचा म्हातारा सांगतो की पूर्वी ही गाडी परत पण यायची, आता फक्त एकाच बाजूला जाते. नेटवर सगळे म्हणतात ती मेलेल्यांची गाडी. डब्यात सावल्यांसारखी माणसं, हातात सामान, कोणी बोलत नाही, मधल्या स्टेशनवर बहुतेक सगळे उतरून जातात. मला नाही पटत. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा सगळे म्हणत होते आता माणसं परत येतील, पाहुणे येतील, मासळी एका रात्रीत मुंबईला पोचेल. मासळी जाते. दहावी झालेला वाडा पण त्याच गाडीने गेला, तू धरून, आणि कणकवलीला मी सोडायला आलेलो तेव्हा तुझ्या हातात पण असंच सामान होतं आणि तू काही बोलत नव्हतास. गणपतीला येता, मान्य, चार दिवस घर भरतं. पण त्याला गाडी परत आली असं म्हणायचं का?

तुझं ह्यावर काय म्हणणं आहे ते मला हवंय. तू म्हणशील मी मुद्दाम टोमणा मारतोय, तर हो थोडा मारतोय. पण पिक्चर आधी बघ, एका बैठकीत, मोबाईल बाजूला ठेवून, आणि वहिनीला पण दाखव, तिचं मत तुझ्यापेक्षा बरं असतं. आणि उत्तर लिहूनच पाठव, फोन नको. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता हं हं करतोस आणि मागे टीव्ही चालू असतो.

काका विचारत होते तुझी ती कंबर कशी आहे.

तुझा,
बंड्या