पोराला वेल्डिंगला घाल

वाळूज, रविवार रात्र

दत्ता,

परवा फोनवर म्हणलास, पोरगं आयटीआयला वेल्डरच घ्यायचं म्हणतंय, त्यात काय ठेवलंय, आन् फोन ठेवलास. मी शिफ्टला चाललो होतो म्हणून बोललो नाही, पण तीन दिवस झाले तेच डोक्यात आहे.

इंग्लंडात बॅरो-इन-फर्नेस म्हणून गाव आहे, तिथं अणुपाणबुड्या बांधतात. ॲस्ट्यूट नावाच्या पाणबुडीचं काम जानेवारी २००१ ला चालू झालं, पाण्यात गेली २००७ ला आन् नौदलात दाखल व्हायला ऑगस्ट २०१० उजाडलं. लै रखडली. एक मोठं कारण काय, तर आधीच्या पाणबुड्यांचं काम संपत आलं तसं नवी ऑर्डर नव्हती, हजारो माणसं कमी केली, आन् परत बांधायची वेळ आली तेव्हा जाणती माणसंच उरली नव्हती. शेवटी अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीची माणसं मदतीला आणावी लागली. पैसा होता रे, हात नव्हते.

आन् काम कसलं तर आपलंच. जाड पोलादाची मोठाली गोल कडी करायची, आत यंत्रं बसवायची, मग कड्याला कडं जोडत ९७ मीटरची पाणबुडी. ते पोलाद आधी तापवून घ्यावं लागतं, नाहीतर वेल्ड गार झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडा जातो, वरून काहीच दिसत नाही. म्हणून जोडाचा एक्स-रे नाहीतर अल्ट्रासोनिक, आन् खोट निघाली की खोदून परत भरायचं. ३०० मीटर खाली नखाएवढ्या जागेवर ३० किलोचा दाब असतो दत्ता, आन् आत शंभराच्या आसपास माणसं झोपलेली असतात.

आतल्या अणुभट्टीला २५ वर्षं नवं इंधन लागत नाही. भट्टीच्या उष्णतेवर वाफ, वाफेवर टर्बाइन, आन् हवा न् प्यायचं पाणी दोन्ही समुद्राच्या पाण्यातूनच करतात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तू स्टेशनवर बघायला गेला होतास ना, हे वाचताना मला तेच आठवलं. खाण्याचा साठा संपतो म्हणूनच वर यावं लागतं, नाहीतर नाही.

बांधून झालं की लगेच झेंडा लागत नाही. गोदीतच बुडवून वजन-तोल बघतात, भट्टी हळूहळू चालू करतात, मग समुद्रात चाचण्या, खोल खोल जाऊन बघणं, आवाज मोजणं, त्यातच महिने जातात.

आन् हे आता लांबचं राहिलं नाही. ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं अशा दोन अणुपाणबुड्या इथं बांधायला मंजुरी दिलीय, विशाखापट्टणमला. अरिहंत, म्हणजे आपल्या देशाची पहिली अणुपाणबुडी, तिचा सांगाडा आपल्याच माणसांनी जोडला. ही कामं वर्षानुवर्षं चालतात, आज सतरा वर्षांचं पोरगं शिकलं तर तेव्हा ऐन भरात असेल, हे तुला कळत कसं नाही.

शनिवारी माझी सेकंड शिफ्ट आहे. सकाळच्या गाडीनं पाठव त्याला, घरामागं मशीन आहेच, माझं हेल्मेट घालून दहा-बारा रॉड जाळू दे. हात स्थिर आहे का बघतो आन् संध्याकाळच्या आत तुला फोन करतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिवा