स्तनातल्या साध्या गाठींवरही एकदा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर आला की तुमच्या पुरवणीत स्तनाच्या कॅन्सरवर भरपूर येतं आणि ते यायलाच पाहिजे. पण ज्या गाठी कॅन्सरच्या नसतात त्यांच्यावर दोन ओळीसुद्धा नसतात, आणि बायकांच्या हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी तर याच असतात. मी तालुक्याच्या गावी एका सोनोग्राफी सेंटरला रिसेप्शनवर असते, रोज बघते म्हणून लिहितेय.

मागे एक आई कॉलेजातल्या पोरीला घेऊन आली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणते, ताई रिपोर्टवर हिचं नाव नको, माझं टाका, पुढच्या वर्षी हिचं लग्नाचं बघायचंय. असं कसं चालेल, पोरीच्या गाठीला आईचं नाव न् वय लागलं तर पुढचा डॉक्टर काय समजणार! नाव पोरीचंच टाकलं, तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले फायब्रोॲडेनोमा दिसतोय. पंधरा ते पस्तीस वयातली सगळ्यात कॉमन गाठ ही, गुळगुळीत, बोटाखालून गोटीसारखी सटकणारी आणि बहुतेक वेळा न दुखणारी. हार्मोन्सशी संबंध असतो त्यामुळे गरोदरपणात वाढू शकते आणि पाळी गेल्यावर बरेचदा आकसते. साध्या फायब्रोॲडेनोमात कॅन्सर निघणं फार दुर्मीळ. लहान असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, वाढायला लागली तर काढतात. एवढं त्या माउलीला आधी माहीत असतं तर तिच्या कितीतरी रात्री अशा गेल्या नसत्या.

पस्तिशी-चाळिशीत पाण्याच्या गाठी होतात, दुखत असतील तर सुईने पाणी काढलं की बसतात. काहींना पाळीच्या आधी छाती भरून येते, गाठी गाठी लागतात, पाळी झाली की कमी होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला दुधाची गाठ होते, मार लागल्यावर आतली चरबी कडक होऊन गाठ होते आणि ती तर हाताला अगदी कॅन्सरसारखीच लागते.

खरा घोळ होतो रिपोर्ट हातात पडल्यावर. खाली बायरॅड्स ३ लिहिलेलं असतं आणि माणसं वाचतात थर्ड स्टेज! एक भाऊ तर काउंटरवरच मटकन खाली बसला होता. अहो हा स्टेजचा आकडा नाही, गाठीबद्दल संशय किती हे सांगणारा आकडा आहे. २ म्हणजे साधी गाठ. ३ म्हणजे जवळजवळ नक्की साधीच, कॅन्सर निघायची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, म्हणून साधारण ६ महिन्यांनी परत बघायचं. ४ आला तर गाठीचा तुकडा काढून तपासायचा (म्हणजे बायोप्सी), आणि त्यातल्याही पुष्कळ साध्या निघतात. ५ मध्ये मात्र संशय दाट असतो. पण ३ वाल्या बायका एकतर घाबरून लगेच ऑपरेशनच करा म्हणतात नाहीतर ६ महिन्यांनी फिरकतच नाहीत, आणि दुसरं जास्त वाईट कारण गाठ वाढतेय का हे बघायलाच तर परत बोलावलेलं असतं.

सुई लावली की कॅन्सर पसरतो असं सांगून सासवा, शेजारणी बायोप्सी थांबवतात. तसं काही होत नाही. उलट लेप लावण्यात, तेल चोळण्यात महिने जातात. साधी आहे हे घरी बोटाने ठरवता येत नाही, डॉक्टरांचा हात, सोनोग्राफी (चाळिशीनंतर मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रेसुद्धा) आणि लागला तर तुकडा, यातूनच ते ठरतं. फायलोड्स नावाची गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते पण भराभर वाढते आणि ती काढावीच लागते. निपलमधून आपोआप रक्ताळ पाणी येणं, निपल नव्याने आत ओढलं जाणं, कातडीला खळी पडणं, काखेत गाठ लागणं, यातलं काही असेल तर एक दिवससुद्धा अंगावर काढू नये. तिशीच्या पुढच्या बायकांची स्तनतपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते, तेही बऱ्याच जणींना माहीत नाही.

म्हणून विनंती एवढीच की एकदा अर्धं पान द्या, एखाद्या सर्जन किंवा रेडिओलॉजिस्ट बाईंकडून लिहून घ्या आणि बायरॅड्सचे आकडे सोप्या मराठीत मोठ्या अक्षरात छापा. मी ते कात्रण लॅमिनेट करून आमच्या काउंटरवर लावते.

आपली नियमित वाचक
(कृपया नाव व गाव छापू नये)