सुमे, ‘टिगाना’ संपलं

प्रिय सुमे,

तुझ्या मेसेजना उत्तर नाही दिलं, शिव्या घातल्या असशील. आईचा गुडघा आहे तसाच, माझं पित्तही. पण काल रात्री गाय गॅव्हरियल के यांची ती कल्पित जगातली कादंबरी, ‘टिगाना’, संपली आणि हे या घरात कुणाला सांगू? ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘जेवलीस का?’

अगं, ब्रँडिन मेला म्हणून मला रडू आलं. ब्रँडिन! पोरगा लढाईत पडला म्हणून ज्यानं अख्ख्या प्रांताचं नाव जादूनं पुसलं, तिथं न जन्मलेल्याला ते ऐकूसुद्धा येऊ नये अशी तजवीज केली आणि शेवटचा टिगानाकर मरेपर्यंत मुक्काम ठोकला, तो. टिगानाचीच डायनोरा त्याला मारायला त्याच्या जनानखान्यात शिरते आणि त्याच्यावरच जीव लावून बसते, तेव्हा तिला मी काय काय बोलले! मग कधी तिच्या बाजूची झाले, कळलंच नाही. आणि आपला अलेस्सान, टिगानाचा राजपुत्र? एर्लाइन नावाच्या जादूगाराला मनाविरुद्ध बांधून घेतो, चक्क गुलाम करतो, आणि आपण टाळ्या वाजवायच्या! लेखकानं मुद्दाम केलंय, कळतं गं. तरी झोप नाही लागली. माझं गाव असं कुणी पुसलं असतं, तर त्याच्या पोराचं दुःख मी ऐकून घेतलं असतं? तू नसतंस घेतलं. तुझं गाव गिळलेल्या धरणाचं नुसतं कौतुक कुणी केलं तरी तू ताटावरून उठायचीस.

‘एका पुस्तकात जग मावत नाही’ हे तुझं जुनं पालुपद. ज्या के यांनी विशीत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनच्या मुलाबरोबर बसून ‘सिल्मरिलियन’ची जुळवाजुळव केली, त्यांना तू जग उभं करायला शिकवणार? 1990 चं पुस्तक, नऊ प्रांत, दोन जुलमी जादूगार, आणि मुख्य म्हणजे शेवट केलेला! आपल्या त्या मालिकेचा पुढचा भाग येईतो आपले दात पडतील. शेवटी डायनोराचा सेवक शेल्टो गप्प राहतो ना, ब्रँडिनचा विदूषक ऱ्हून खरा कोण होता हे अलेस्सानला कधीच कळत नाही. मालिका असती, तर तिसऱ्या भागात कुणीतरी तोंड उघडलंच असतं.

बरं, काही ठिकाणी तुझं खरं. लढाई संपते न संपते तोच सामुदायिक विवाह सोहळा. अलेस्सानची साथीदार कॅट्रियाना आणि अलेस्सान ही जोडी तर मला पटलीच नाही. दुसरा जुलमी, अल्बेरिको, नुसताच दुष्ट. अलेस्सानचा मित्र बेअर्ड नाईट वॉकर्स नावाच्या लोकांच्या बाजूनं लढतो, ती लढाई दुसऱ्याच कुठल्या कादंबरीतून आल्यासारखी वाटते, आणि नेमकी तीच तुला आवडलेली!

नव्या नोकरीचं अभिनंदन. पिंट्याची दहावी यंदाच ना? सासूबाईंना नमस्कार.

तू वाचलंस तेव्हा ब्रँडिनसाठी रडली होतीस का, एवढं खरं खरं लिही. नाईट वॉकर्सची बाजू घेणार असशील, तर मात्र लिहूच नकोस.

तुझी,
नंदी