छत्रीच्या कापडाचा झेंडा ओळखणाऱ्या ताईंना

ताई,

"माझं नाव कुठे घालू नकोस" म्हणालात म्हणून तुमचं नाव घालत नाहीये, पण पत्र असं सगळ्यांसमोरच लिहितेय, कारण घरी येऊन पाया पडले असते तर तुम्ही पडू दिलं नसतं.

आजोबांच्या ट्रंकेतलं ते बाड घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा खरं सांगते, माझी आशा संपली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले तेवीस फोटो, समितीची हँडबिलं, वर्गणीच्या पावत्या, तुरुंगातून आलेली दोन पोस्टकार्डं. वर्षभर ते घेऊन दारोदार फिरलेय मी. एका ठिकाणी आठ महिने ठेवून घेतलं आणि परत दिलं तेव्हा चार फोटोंना स्टेपलर मारलेला, आणि एका फोटोवर समोरच्या बाजूने, माणसांच्या डोक्यांवरच, जांभळ्या शाईचा गोल शिक्का. दुसरीकडे एक गृहस्थ पत्ते पिसावेत तसे फोटो चाळत "यात अत्रे आहेत का? एसेम जोशी कुठे दिसतायत का?" एवढंच विचारत राहिले आणि मोठं कोणी नाही म्हटल्यावर गठ्ठा माझ्याकडे सरकवला. आणि एका स्टुडिओवाल्याने तर वाईचा फोटो "क्लिअर करून" दिला, म्हणजे सगळ्या बायकांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत आणि काळे झेंडे चक्क भगवे. अहो ते काळे होते म्हणून तर तो फोटो काढला होता! त्या दिवशी रस्त्यात रडले मी.

तुम्ही हात धुऊन पुसून आलात, टेबलावर पांढरं सुती कापड अंथरलंत आणि फोटो आधी पालथा केलात. मागे पेन्सिलीने "वाई, ३० नोव्हें." एवढंच, साल नाही. मग सुलटा करून भिंग लावलंत आणि किती तरी वेळ काहीच बोलला नाहीत. आणि मान वर न करता विचारलंत, "हा झेंडा छत्रीच्या कापडाचा आहे ना?"

मला कुठे माहीत होतं. डाव्या कडेची वेणीवाली मुलगी आमची आजी, एवढंच माहीत. शेकडो वेळा पाहिलेला फोटो, पण तुम्ही पेन्सिलीच्या मागच्या टोकाने, फोटोला न टेकवता, दाखवलंत तेव्हा दिसलं, तिकोनी तुकडे, मधली शिवण, खालची कड कमानीसारखी आत गेलेली. "आजी बोलू शकतात का? विचारूया त्यांना?" म्हणालात, मी फोन लावला, स्पीकरवर टाकला.

आजी पंच्याऐंशीची, ऐकू कमी येतं, तुम्ही तीनदा तोच प्रश्न तितक्याच मायेने विचारलात. आणि मग ती जे बोलायला लागली ते आम्ही घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. घरात काळं कापड नव्हतं म्हणून तिने रात्री वडिलांची छत्री उसवली, काड्या पलंगाखाली लपवल्या, पुढच्या पावसाळ्यात त्यावरून मार खाल्ला. तो दिवस ३० नोव्हेंबर १९५७, पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले होते तो. मराठी-गुजराती एकत्र असं मुंबईचं द्विभाषिक राज्य होऊन वर्ष उलटलेलं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणत माणसं वाईजवळच्या पसरणी घाटात काळे झेंडे घेऊन उभी राहिली. १०६ हुतात्मे आपण शाळेत शिकतो, १ मे १९६० शिकतो, शिकलंच पाहिजे, पण छत्री उसवणारी सतरा वर्षांची मुलगी कुठल्या धड्यात येते सांगा.

तुम्ही ते सगळं एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंत, फोटोवर नाही. आजीचं नाव, माहेरचं आडनाव, साल, आणि खाली "झेंडा: वडिलांच्या छत्रीचं कापड, स्वतः उसवलेलं." आणि मग तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. ती चिठ्ठी तुम्ही आजीला फोनवर सावकाश वाचून दाखवलीत आणि विचारलंत, "आजी, बरोबर लिहिलंय का मी?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग आजी म्हणाली, "हो बाई, बरोबर." तिच्या आवाजात तेव्हा जे होतं ते मला लिहिता येत नाहीये, अजूनही आठवलं की घसा दाटतो. नावाखाली काय लिहायचं ते आजपर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं हो. रेशन कार्डावरचं नावसुद्धा दुसऱ्यांनीच लिहिलेलं.

बाकी तुम्ही खूप केलंत, सगळं स्कॅन करून दिलंत, फोटो कशात ठेवायचे ते दाखवलंत. घडीवर फाटलेल्या गुलाबी हँडबिलाला मी चिकटपट्टी लावून ठेवली होती त्यावर रागावला नाहीत, "तुला ते वाचवायचं होतं ना" एवढंच म्हणालात. पैशांचा विषय काढला तर चहा पुढे केलात. अशी माणसं मोठ्या पाट्यांमागे मला भेटली नाहीत, ती एका खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी भेटली. दुसऱ्याच्या घरातला कागद आपल्या घरातला असल्यासारखा हातात धरणं, याला मी फार मोठं माणूसपण मानते.

आजी आता रोज तो फोटो मागून घेते. काल तिच्या मागे उभ्या असलेल्या दोघींची नावं आठवलीत तिला, एकीचं गावही. चिठ्ठीवर जागा आहे का अजून, असं विचारायला सांगितलंय. उद्या सकाळी अकराला फोन करतो आम्ही.