नव्या डांबरावर पकड किती, हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात तालुक्यातल्या नव्या रस्त्यांची बातमी फोटोसह आली आहे. खड्डे गेले, आता पोटातले पाणी हलत नाही, असे गावकरी त्यात सांगतात. आनंद मलाही आहे. खड्ड्यांनी कापलेले टायर रोज माझ्यापुढे येऊन पडतात. पण पारोळा रोडला टायर रिमोल्डिंगचा, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवायचा, धंदा करणारा माणूस म्हणून मला एक सांगायचे आहे, जे बातमीत आले नाही. नवा डांबरी रस्ता सुरुवातीचे काही आठवडे, त्यातही पहिल्या पावसात, जुन्या रस्त्यापेक्षा जास्त घसरू शकतो.

मोटार शर्यतीतल्या लोकांनी हे चांगलेच भोगले आहे. 2020 साली तुर्कस्तानात इस्तंबूल पार्कवर फॉर्म्युला वनची शर्यत ठरली आणि थोडेच दिवस आधी ट्रॅकवर नवे डांबर पडले. डांबराला मुरायला वेळच मिळाला नाही. शुक्रवारच्या सरावात जगातले नामांकित ड्रायव्हर कोरड्या ट्रॅकवर गरगर फिरत होते. टायर तापेनात, पकड येईना. त्यात टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीने सर्वांत कडक रबराचे टायर पाठवलेले. मग वरून पाऊस. लुईस हॅमिल्टन तिथे जिंकून सातव्यांदा जगज्जेता झाला, तो इंटरमीडिएट, म्हणजे ओलसर ट्रॅकसाठीच्या, टायरचा एकच संच नक्षी जाऊन पार गोटा होईपर्यंत चालवून. टायरवाल्याने पुन्हा पुन्हा पाहावी अशी ती शर्यत आहे.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते पुढच्या वर्षीचे काम. 2021 च्या शर्यतीआधी तेच डांबर जोरदार दाबाच्या पाण्याने खरवडून काढले, वरचा तेलकट पापुद्रा घालवला आणि खडीचे तोंड उघडे केले. पकड इतकी वाढली की एका फेरीची वेळ काही सेकंदांनी खाली आली आणि टायर जास्त झिजू लागले.

टायर डांबराला धरत नाही, खडीला धरतो. खडीच्या अंगावरची बारीक खरखर रबराला पकडते, आणि दोन खड्यांमधल्या खाचांतून टायरखालचे पाणी निघून जाते. वेग जितका जास्त, तितकी त्या खाचांची गरज जास्त. नव्या रस्त्यावर प्रत्येक खड्याला डांबराचे वेष्टन असते. चाकांनी ते झिजेपर्यंत आपले काळे, टणक दगड असून नसल्यासारखे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर खेड्यावरून दूध आणणारा एक गिऱ्हाईक मोटारसायकल घेऊन आला. गुडघा सोललेला, एक कॅन चेपलेला. म्हणाला, "नवा टायर शे भाऊ, तरी घसरस." टायर पाहिला, नक्षी पूर्ण शाबूत, हवा बरोबर. मग मी त्या वळणावर जाऊन रस्त्याला हात लावला. खडी बोटांना लागतच नव्हती, तळहाताला नुसते गुळगुळीत काळे लागत होते, आणि बाटलीतले पाणी ओतले तर ते अळूच्या पानावर राहावे तसे थेंब धरून बसले. काम नुकतेच उरकलेले होते. ना फलक, ना वर कच (दगडाचा बारीक चुरा) टाकलेली. पोरगा टायरला दोष देत होता आणि गावकरी पोराला.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. खान्देशात मे महिन्यात पारा 45 वर जातो, तेव्हा डांबरी रस्ता 60 अंशांच्या पुढे तापतो. डांबर जास्त पडले असेल किंवा त्याची जात पातळ असेल तर ते वर येते आणि चाकांच्या वाटेवर काळे चकचकीत पट्टे पडतात. 1985 साली बेल्जियममध्ये स्पा ट्रॅकचे ताजे डांबर उन्हात उखडले आणि जूनमधली शर्यत सप्टेंबरवर ढकलावी लागली. तिथे शर्यत पुढे ढकलता येते. आपल्याकडे मृग लागण्याआधी काम उरकायची घाई असते, आणि डांबर मुरण्याआधीच त्यावर पहिला पाऊस पडतो.

पाणी वाहून जायला रस्त्याला द्यायच्या उताराचेही तेच. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकला नवीन थर दिल्यावर पावसाचे पाणी साचून राहिले, मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यतच रद्द झाली आणि पुढच्या वर्षी ट्रॅक पुन्हा करावा लागला.

रस्त्याची पकड तपासायला मोठा खर्च नाही. ठरलेल्या मापाची कोरडी बारीक वाळू रस्त्यावर ओतायची, सपाट चकतीने गोल पसरायची आणि वर्तुळाचा व्यास मोजायचा. वर्तुळ लहान असेल तर खाचा खोल, मोठे असेल तर रस्ता चोपडा. ओल्या रस्त्यावर रबर लावलेला लंबक झुलवून घसरण मोजायचे साधनही आहे. रस्त्याची लांबी आणि खर्च फलकावर असतोच, हे आकडेही तिथे लिहावेत. नव्या थरावर, निदान वळणांवर आणि उतारांवर, पहिला पावसाळा सरेपर्यंत "नवे डांबर, वेग कमी ठेवा" असा मराठीत फलक असावा. जिथे डांबर वर आले आहे तिथे तापलेल्या दुपारीच कच टाकून रोलर फिरवावा.

आपल्या वार्ताहरांना विनंती, की पुढच्या रस्त्याच्या उद्घाटनाला जाताना त्यांनी वाळूच्या चाचणीचा आकडा मागावा आणि बातमीत खर्चाच्या रकमेशेजारी छापावा.

आपला,
एक टायर रिमोल्डिंग व्यावसायिक, पारोळा रोड, धुळे